उतरंडीवर बिनमापाचं गाडगं: ड्रायव्हरमधले व्हीएलए कसे काढायचे

हळदीच्या हंगामात वसमतहून फोन आला. गोदामातले मामा म्हणाले, "साहेब, तुमचा डबा पुन्हा गप झालाय. लाइट लागतोय, पण बोलत नाही." पोत्यांच्या थप्प्यांमधलं तापमान आणि ओल मोजणारे बारा सेन्सर एकाच एसपीआय (चिपांना जोडणारी सिरियल बस) साखळीत ओवलेले. ते वाचायला ३२-बिट आर्मचा छोटा बोर्ड, त्यावर बोर्डवाल्यानं दिलेला ४.९ लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा), आणि त्या सेन्सरांशी बोलणारा, मी लिहिलेला ड्रायव्हर. काय केलं होतं, असं विचारलं. "काही नाही हो. पोरानं वीसच्या जागी पाचशे टाकले."

पाचशे म्हणजे एका दमात वाचायचे नमुने. हा आकडा बदलायला मीच सिसएफएसमध्ये (कर्नलमधली सेटिंग फाइलसारखी दाखवणारी जागा) फाइल ठेवली होती. ड्रायव्हरच्या रीड फंक्शनमध्ये ही ओळ होती:

यू८ आरएक्स[नमुने * सेन्सर * ४];

(कोड इथे नागरीतच लिहितोय, फोनवर एकमेकांना वाचून दाखवतो तसा.) वीस नमुने, बारा सेन्सर, प्रत्येकी चार बाइट: ९६० बाइट. पाचशे नमुन्यांचे होतात २४,०००. आणि त्या बोर्डवर प्रत्येक थ्रेडला कर्नल स्टॅक (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या व्हेरिएबल्सची जागा) मिळतो ८ केबी, म्हणजे ८,१९२ बाइट, तोही सगळा माझ्या फंक्शनचा नाही. पोराची काही चूक नव्हती.

ज्या अ‍ॅरेची लांबी कंपाइल करताना ठरलेली नसते, प्रोग्रॅम चालू असताना ठरते, तो व्हेरिएबल लेंग्थ अ‍ॅरे, म्हणजे व्हीएलए. सी९९ मध्ये तो भाषेत आला आणि सी११ नं त्याला ऐच्छिक केलं. साध्या प्रोग्रॅममध्ये तो खपून जातो, कारण लिनक्सवर मुख्य थ्रेडच्या स्टॅकची मर्यादा सहसा ८ एमबी असते. कर्नलमध्ये हाच हिशेब हजारपटीनं आक्रसतो. ३२-बिट आर्मवर ८ केबी. एक्स८६-६४ वर २०१४ च्या ३.१५ कर्नलपासून १६ केबी, आर्म६४ वर १६ केबी. एवढ्यात सिस्टिम कॉलपासून व्हीएफएस (कर्नलचा फाइली हाताळणारा थर), तुमचा ड्रायव्हर, एसपीआय कोअर, कंट्रोलरचा ड्रायव्हर ही सगळी साखळी मावली पाहिजे. शिवाय आमच्या ४.९ सारख्या जुन्या कर्नलमध्ये ३२-बिट आर्मवर मध्येच इंटरप्ट आला तर त्याचा हँडलरही याच स्टॅकवर चालतो.

आजीच्या माळवदाच्या घरात कोपऱ्यात उतरंड असायची, एकावर एक गाडगी. आढ्यापर्यंतची उंची ठरलेली, त्यामुळे कुठलं गाडगं केवढं हे आधी माहीत असेल तरच ती रचता येते. व्हीएलए म्हणजे ऐन वेळी कुणीतरी हातात देईल त्या मापाचं गाडगं. फरक एवढाच की बहुतेक प्रोसेसरांवर ही उतरंड वरून खाली वाढते. आमच्या ४.९ कर्नलमध्ये स्टॅकच्या अगदी तळाशी थ्रेड-इन्फो नावाचं, थ्रेडची नोंद ठेवणारं स्ट्रक्चर बसलेलं असतं. स्टॅक थोडा ओलांडला की पहिला घाव त्याच्यावर. त्याहून मोठी उडी थेट पलीकडच्या, भलत्याच कुणाच्या तरी मेमरीत.

तुम्ही म्हणाल, आता व्हीमॅप-स्टॅक आहे की. एक्स८६ वर तो २०१६ च्या ४.९ मध्ये आला. त्यात स्टॅकच्या टोकाला गार्ड पेज असतं, तिथे पाऊल पडलं की कर्नल लगेच ओरडतो. पण पाऊल पडलं तर. व्हीएलए स्टॅक पॉइंटर एका दमात हवा तेवढा सरकवतो, मधल्या जागेला हात न लावता. लांबी वापरकर्त्याच्या हातात असेल तर गार्ड पेजवरून उडी मारून पलीकडे लिहिता येतं. म्हणून हा नुसता बंद पडण्याचा प्रश्न नाही, सुरक्षेचाही आहे.

आणखी एक आंधळी जागा. एखाद्या फंक्शननं स्टॅकवर फार जागा घेतली तर कंपायलर इशारा देतो. कर्नल कॉन्फिगमधल्या फ्रेम-वॉर्नची मर्यादा ३२-बिटवर सहसा १,०२४ आणि ६४-बिटवर २,०४८ बाइट असते. पण जीसीसी हा कंपायलर या हिशेबात व्हीएलए धरतच नाही. माझं फंक्शन त्याच्या लेखी अगदी सडपातळ होतं.

मुख्य कर्नलनं हा प्रश्न २०१८ मध्ये धसास लावला. कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या केस कुक यांच्या पुढाकारानं अनेकांनी एकेक व्हीएलए शोधून काढला, आणि त्या डिसेंबरमध्ये आलेल्या ४.२० पासून मुख्य मेकफाइलमध्येच डब्ल्यू-व्हीएलए हा इशारा चालू झाला. म्हणजे नव्या कर्नलवर तुम्ही व्हीएलए लिहिलात तर बिल्ड करतानाच बोंब होते. अडचण आपल्यासारख्यांची: वाळूजच्या नाहीतर चिखलठाण्याच्या एखाद्या शेडमध्ये बसून बोर्डवाल्याच्या ४.४, ४.९, ४.१४ कर्नलवर काम करणाऱ्यांची. तिथे कुणी ओरडत नाही.

आधी शोधा

जुन्या कर्नलवर हा इशारा स्वतः चालू करायचा. मेक चालवताना केसीफ्लॅग्स या व्हेरिएबलमध्ये डब्ल्यू-व्हीएलए हा फ्लॅग द्या, तोही फक्त तुमच्या ड्रायव्हरच्या डिरेक्टरीपुरता. जुना अख्खा कर्नल बिल्ड करायला गेलात तर इशाऱ्यांचा पूर येईल आणि त्यात तुमचा एक वाहून जाईल.

दुसरं हत्यार मला जास्त आवडतं: एफ-स्टॅक-युसेज. हा फ्लॅग दिला की जीसीसी प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलबरोबर एसयू एक्स्टेन्शनची छोटी मजकुराची फाइल टाकतो. तिच्यात प्रत्येक फंक्शनची एक ओळ: नाव, किती बाइट, आणि शेवटी एक शब्द. तो शब्द स्टॅटिक असेल तर माप पक्कं. डायनॅमिक असेल तर त्या फंक्शनमध्ये काहीतरी ऐन वेळी ठरतंय. माझ्या रीड फंक्शनसमोर शंभराच्या आतला आकडा होता आणि पुढे डायनॅमिक. आकड्याकडे बघून खूश झालो असतो, शेवटच्या शब्दानं पकडलं.

चौकटी कंसात नुसतं व्हेरिएबल दिसलं तर ते ओळखणं सोपं. लपलेले असतात ते असे:

कॉन्स्ट इंट एन = ८ लिहून पुढे बफ[एन]. सी++ मधून आलेल्याला हे चुकीचं वाटतच नाही. पण सी मध्ये कॉन्स्ट म्हणजे फक्त "बदलू नका", तो स्थिर पदांचा एक्स्प्रेशन नव्हे. डिफाइन किंवा एनम वापरा.

बफ[मॅक्स(अ, ब)], जिथे अ आणि ब दोन्ही डिफाइन केलेले आकडे आहेत. हा २०१८ च्या सफाईतला सगळ्यात गमतीचा तिढा. कर्नलचा मॅक्स मॅक्रो आतल्या आत तात्पुरती व्हेरिएबल्स करतो, त्यामुळे दोन्ही बाजू स्थिर असूनही उत्तर भाषेच्या नियमानं स्थिर ठरत नाही. म्हणजे माप कायम तेच, तरी कागदोपत्री व्हीएलए! अलीकडच्या कर्नलमध्ये अशा जागांसाठी कॅपिटल अक्षरांतला मॅक्स वेगळा ठेवलाय. जुन्यावर असाल तर मोठा आकडा तुम्हीच डिफाइनमध्ये लिहा आणि दुसरा त्याहून मोठा होत नाही हे बिल्ड करतानाच अडवणारा बिल्ड-बग-ऑन लावून पक्कं करा.

डिक्लेअर-बिटमॅप हा मॅक्रोही आतून अ‍ॅरेच करतो. त्याला चिपच्या पिनांची संख्या व्हेरिएबल म्हणून दिलीत की झाला व्हीएलए. तिथे बिटमॅप-झेडअ‍ॅलॉक आणि बिटमॅप-फ्री ही जोडी वापरायची, ती ४.१९ पासून आहे.

मग एकच प्रश्न विचारा

जास्तीत जास्त किती? दुरुस्ती करण्याआधी याचं उत्तर कागदावर लिहा. व्हीएलए लिहिणारा माणूस बहुतेक वेळा हा प्रश्न टाळत असतो. मी तरी टाळत होतो. "नमुने कितीही असू द्या, अ‍ॅरे आपोआप तेवढा होईल," असं वाटलं तेव्हा मला फार हुशारी केल्यासारखं झालं होतं.

उत्तर शोधायच्या जागा ठरलेल्या असतात. चिपची डेटाशीट: फिफो (चिपमधली डेटाची रांग) केवढा, रजिस्टर किती. प्रोटोकॉल: कर्नलमधली एसएमबस (चिपांची दोन तारांची बस) ब्लॉक ट्रान्सफर ३२ बाइटांच्या पुढे जात नाही, आणि तो आकडा हेडरमध्येच आहे. वायरिंग: आमच्या साखळीत सिग्नल धड राहावा म्हणून ३२ पेक्षा जास्त सेन्सर लावायचे नाहीत, हे हार्डवेअरवाल्यानं केव्हाच सांगितलं होतं, ते ड्रायव्हरच्या कानावर कुणी घातलं नव्हतं. आणि कुठेच उत्तर सापडलं नाही तर तुम्ही ठरवा. नमुन्यांचं मी तसंच केलं: ६४. गोदामातल्या हळदीचं तापमान काही मिनिटाला बदलत नाही.

उत्तर हातात आलं की तीन वाटा.

पहिली वाट, पक्क्या मापाचा अ‍ॅरे. कमाल आकडा लहान असेल, समजा शे-दीडशे बाइटांच्या आत, आणि ती जागा डीएमएला (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीशी होणारी देवाणघेवाण) द्यायची नसेल, तर स्टॅकवरच ठेवा. यू८ कमांड[कमाल + २], आणि त्याच्या आधी तपासणी: लांबी कमालपेक्षा जास्त असेल तर उणे ई-इनव्हॅल परत. ही तपासणी कॉपी करण्याच्या आधी हवी, हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण ती नंतर लावलेली मी पाहिली आहे. आणि जास्तीची लांबी गुपचूप छाटू नका. बाराऐवजी दहाच सेन्सरचं उत्तर आलं तर वरच्या सॉफ्टवेअरला ते कळणार कसं? स्पष्ट एरर बरा.

दुसरी वाट, त्या कॉलपुरती हीपवरून (मागाल तेव्हा मिळणाऱ्या मेमरीतून) केमॅलॉकनं जागा घेणं आणि जाताना केफ्रीनं परत करणं. माप मोठं आहे, कधीतरीच लागतं, आणि फंक्शन घाईच्या वाटेवर नाही, तेव्हा ही योग्य. केमॅलॉकला "संख्या गुणिले माप" हातानं करून देऊ नका. गुणाकार ओव्हरफ्लो झाला तर जागा छोटी मिळते आणि लिहिता मात्र मोठी. केमॅलॉक-अ‍ॅरे किंवा केकॅलॉक वापरा, ते गुणाकार तपासतात. आमच्यासारखे तीन घटक असतील तर ४.१८ पासून अ‍ॅरे३-साइझ आहे. स्ट्रक्चरच्या शेवटी लवचिक अ‍ॅरे असेल तर त्याच आवृत्तीपासून स्ट्रक्ट-साइझ. वापरकर्त्याकडून मजकूर घ्यायचाय तर मेमडप-यूजर जागा घेणं आणि कॉपी ही दोन्ही कामं एकदम करतो. मात्र चूक झाली तर तो नल देत नाही, एरर-पॉइंटर देतो. तपासताना इझ-एरर वापरा.

तिसरी वाट मला ड्रायव्हरसाठी बहुतेकदा सगळ्यात बरी वाटते: प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो ते) एकदाच, डेव्हएम-केकॅलॉकनं, कमाल मापाची जागा घेऊन ती ड्रायव्हरच्या खासगी स्ट्रक्चरमध्ये ठेवायची. सेन्सर किती हे डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डवर काय जोडलंय त्याची यादी) प्रोबमध्येच कळतं. वाचताना जागा मिळेल की नाही ही धाकधूक नाही, डिव्हाइस गेलं की जागा आपोआप मोकळी. आमचं माप ६४ गुणिले ३२ गुणिले ४, म्हणजे ८,१९२ बाइट. जो आकडा अख्खा स्टॅक गिळणार होता, तो हीपवर निमूट एका कोपऱ्यात बसला.

बदलताना होणाऱ्या चुका

व्हीएलए काढणं दोन ओळींचं काम वाटतं. खरी मेहनत त्यानंतर आहे.

साइझ-ऑफ. ही माझी स्वतःची. आरएक्स अ‍ॅरे होता तेव्हा साइझ-ऑफ(आरएक्स) चालू वेळी बरोबर माप देत होता. मी त्याचा पॉइंटर केला, केझॅलॉक (जागा शून्यांनी भरून देणारा केमॅलॉक) लावला, बिल्ड स्वच्छ, बोर्ड चालू. स्क्रीनवर पहिल्या सेन्सरचं तापमान अगदी बरोबर, बाकीचे अकरा शून्य. अर्धा दिवस मी कनेक्टर हलवून बघत होतो, साखळीतली दुसरी वायर तुटली असणार म्हणून. मग ट्रान्सफरची ओळ दिसली: लेन = साइझ-ऑफ(आरएक्स). ३२-बिटवर पॉइंटर चार बाइटांचा, आणि एका सेन्सरची फ्रेमही चार बाइटांची. इतका चपखल योग की चूक चुकीसारखी दिसेचना. मेमसेटमध्ये अशी गफलत झाली तर जीसीसी सहसा टोकतो, पण नुसत्या असाइनमेंटला तो काही बोलत नाही. म्हणून अ‍ॅरेचा पॉइंटर केलात की त्या नावाचा साइझ-ऑफ फाइलभर शोधा आणि प्रत्येक जागी लांबीचं व्हेरिएबल लिहा. आणि केझॅलॉकऐवजी साधा केमॅलॉक असता तर त्या अकरा जागी शून्याऐवजी कर्नलच्या मेमरीतला कुणाचा तरी जुना डेटा वापरकर्त्याच्या हाती गेला असता.

सामायिक जागा. स्टॅकवरचा अ‍ॅरे प्रत्येक कॉलला स्वतःचा मिळतो. तिसऱ्या वाटेनं गेलात की तीच जागा सगळ्यांची झाली. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी वाचलं तर एकाच्या ताटात दुसऱ्याचं वाढलं जाणार. खासगी स्ट्रक्चरमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) ठेवा आणि ट्रान्सफर सुरू होण्यापासून निकाल कॉपी होईपर्यंत तो धरून ठेवा. नुसत्या ट्रान्सफरपुरता धरला तर उपयोग नाही.

झोपायची परवानगी. दुसऱ्या वाटेवर जीएफपी-कर्नल लिहिलात म्हणजे जागा मिळेपर्यंत थांबायची तयारी दाखवलीत. स्पिनलॉक (ज्यात झोपता येत नाही असं कुलूप) धरलेला असताना किंवा इंटरप्ट हँडलरमध्ये थांबता येत नाही. तिथे जीएफपी-अ‍ॅटॉमिक, आणि ते नकार देण्याची शक्यता जास्त. बहुतेक वेळा सोपा उपाय म्हणजे लॉक घेण्याच्या आधीच जागा घेऊन ठेवणं.

परतीच्या वाटा. अ‍ॅरे होता तेव्हा मध्येच रिटर्न केलं तरी बिघडत नव्हतं. आता प्रत्येक रिटर्नवर केफ्री हवा. सगळ्या चुकांना गोटूनं शेवटच्या एका लेबलावर आणा. ६.५ किंवा त्यापुढच्या कर्नलवर असाल तर फ्री(केफ्री) हे अ‍ॅट्रिब्यूट लावून पॉइंटर घोषित करा, स्कोप संपला की जागा आपोआप सुटते. फक्त पॉइंटरला घोषणेतच किंमत द्या, निदान नल तरी.

शून्य आणि उणे. व्हीएलएची लांबी शून्य किंवा उणे झाली तर भाषेच्या दृष्टीनं काहीही घडू शकतं. केमॅलॉकला शून्य दिलंत तर तो नल देत नाही, एक खास पॉइंटर देतो ज्याला हात लावला की कर्नल कोसळतो. म्हणजे नुसता नल तपासून भागत नाही. लांबी अनसाइन्ड ठेवा आणि शून्य असेल तर आधीच परत फिरा.

डीएमए. हे व्हीएलएपुरतंच नाही. एसपीआयच्या ट्रान्सफरला दिलेला बफर डीएमएला चालेल असाच हवा, आणि स्टॅकवरची जागा तशी नसते, मग अ‍ॅरे पक्क्या मापाचा असला तरी. जुन्या कर्नलवर ते चालून जायचं. व्हीमॅप-स्टॅक आल्यावर उघडं पडलं. म्हणून एका नमुन्याचे १२८ बाइट स्टॅकवर सहज मावत असूनही मी तिथे पहिली वाट धरली नाही. छोट्या देवाणघेवाणीला एसपीआय-राइट-देन-रीड आहे, तो स्वतःच्या सुरक्षित जागेत कॉपी करून घेतो.

तपासणी

एसयू फाइल पुन्हा बघा. त्या फंक्शनपुढे आता स्टॅटिक आलं पाहिजे. मग चाचणीच्या कर्नलमध्ये डीबग-अ‍ॅटॉमिक-स्लीप चालू करा, म्हणजे चुकीच्या ठिकाणी झोपणारा केमॅलॉक लगेच दिसेल. केमेमलीक विसरलेला केफ्री दाखवतो. फेलस्लॅब मुद्दाम जागा नाकारतो, आणि परतीच्या वाटा खरंच चालतात का ते त्याशिवाय कळत नाही. मेमरी संपायची वाट बघत बसलात तर ती संपेल गोदामात, तुमच्या टेबलावर नाही.

शेवटी चुकीचे आकडे हातानं टाका: शून्य, उणे एक, कमाल, कमाल अधिक एक, आणि एक अवाढव्य. मी हे पाचही टाकून पाहिले, आणि सहावा म्हणून पाचशे.

नवीन ड्रायव्हर वसमतला चढवला. चार दिवसांनी मामांचा फोन.

"साहेब, पोरानं पुन्हा पाचशे टाकले."

"मग?"

"डबा चालू आहे. पण घेत नाही म्हणतोय. इनव्हॅलिड काहीतरी."

"चौसष्टच्या आत टाकायला सांगा त्याला."

"सांगतो. पण चौसष्टच का हो?"

साखळीची लांबी, हळद किती हळू तापते, सगळं फोनवर समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, आणि त्या पोरालाच फोनवर दिलं.